दोन मुठींना जरा कमी

मार्गशीर्षातल्या संध्याकाळी विश्रांतवाडीच्या आमच्या परसाला एक ठरलेला वास यायचा. तुळशीपाशी ओल्या झालेल्या मातीचा, दोरीवर विसरलेल्या कपड्यांत उरलेल्या साबणाचा आणि मागच्या प्लॉटवर उभ्या राहू लागलेल्या इमारतीतल्या ओल्या सिमेंटचा. या तिन्ही वासांच्या मधोमध कॅमेऱ्याची तिपाई रोवून, धुण्याच्या दगडावर बसून आणि मान दुखेपर्यंत मागे टाकून मी आकाशाची छायाचित्रे काढायला शिकले. शिकले म्हणण्यापेक्षा चुकत गेले म्हणणे अधिक खरे. पण त्या हिवाळ्याच्या शेवटी माझ्या हाती जे आले, त्याने माझी मान दुखायची थांबली नसली तरी ताठ मात्र झाली.

त्या दिवसांत हिंजवडीच्या कंपनीतून ज्याला त्याला परदेशी पाठवत असत. परतताना लोक चॉकलेटे आणि अत्तरे आणत. मी कॅमेरा आणला. इतका जड, की श्रीकांत, माझा नवरा, तो हातात तोलून म्हणाला, "एवढ्यात एक फ्रीज आला असता." त्याला काय सांगणार? तिकडे एका निर्जन रस्त्यावर गाडी थांबवून मी लहानपणानंतर पहिल्यांदा तारे पाहिले होते, असे तारे, की हातांनी बाजूला सारून वाट काढावी. आमच्या पुण्यावरही तेच असणार, फक्त दिव्यांच्या झगमगाटामागे दडून बसले असणार, हे मनात आले आणि ते बाहेर काढायचा मला ध्यासच लागला.

त्या ध्यासाला कारण मात्र घरात मिळाले. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, दिसणे त्या वर्षी कमी होऊ लागले होते. डोळ्यांच्या पडद्याला झीज लागली होती, मधले दिसायचे नाही, कडेकडेचे दिसायचे, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की गेलेले परत यायचे नाही. आईंनी ते ऐकून घेतले आणि रिक्षात बसताना एवढेच म्हणाल्या, "बरं झालं, तुमच्या मालिकांमधली ती माणसं आता धड दिसायची नाहीत." पण त्या रात्री जेवताना त्यांनी आपणहून विषय काढला. लग्नात सप्तपदीनंतर नवरीला ध्रुव दाखवतात. त्यांचे लग्न वैशाखातल्या भर दुपारचे, डोक्यावर मांडवाचे कापड. गुरुजींनी कापडाकडे बोट केले आणि म्हणाले, दिसो न दिसो, दिसला म्हणायचं. आई म्हणाल्या, दिसला. माझ्या लग्नातही तेच, फक्त कापडाच्या जागी कार्यालयाचा पंखा होता. मीसुद्धा पंख्याकडे बघून लाजत दिसला म्हणाले होते.

"सगळं आयुष्य दिसला म्हणण्यात गेलं," आई म्हणाल्या. "आता बघायचाय. हे डोळे पुरते मिटायच्या आत."

आकाशातला बारीक तारा त्यांना आता दिसणे शक्य नव्हते, पण संगणकाच्या पडद्यावर मोठा करून दाखवला तर कडेच्या नजरेने दिसू शकला असता. श्रीकांतने गाडी काढून कुठेतरी काळोख्या माळावर जाऊ, तिथून चांगला फोटो येईल, असे सुचवले. आई ऐकेनात. "दुसरीकडचा ध्रुव मला कशाला? याच परसात मी इतकी वर्षं धुणं वाळत घातलं. तो इथूनच दिसत असणार ना? मग इथलाच हवा." हट्ट म्हणावा तर हट्ट, पण मला तो मनोमन पटला. मी त्यांना शब्द दिला.

शब्द देताना काम सोपे वाटले होते. इंटरनेटवर एका परदेशी हौशी माणसाने सगळे सविस्तर लिहून ठेवले होते. उत्तरेला तोंड करा, क्षितिज आणि डोक्यावरचे आकाश यांच्या मध्यावर पाहा, तिथे ध्रुव आहे. कॅमेरा त्याच्यावर रोखून एकामागून एक फोटो घेत राहा, मग ते संगणकावर एकावर एक ठेवा, म्हणजे सगळे तारे त्याच्याभोवती वर्तुळे काढताना दिसतील आणि मधोमध तो एकटा स्थिर असेल. मी पाहिले, तर बरोबर तेवढ्याच उंचीवर एक पिवळसर, टपोरा तारा लखलखत होता. जरासा पूर्वेकडे कललेला होता खरा, पण उत्तर दिशाच आमच्या गल्लीत थोडी वाकडी असेल अशी मी मनाची समजूत घातली. शिवाय लहानपणापासून ऐकलेले होतेच की अढळपदी बसलेला तो बाळ साऱ्या ताऱ्यांत तेजस्वी. तेजस्वी तर हाच होता.

कंपनीची बस वाहतुकीत रखडत रखडत घरी पोचवी, मी चहाचा कप हातात घेऊनच परसात जाई. कॅमेऱ्याचे बटण तासन्‌तास दाबून धरायला आईंनी युक्ती काढली, बटणावर चिंचोका ठेवून वरून रबर बँड. भिंगावर दव साचू लागले तेव्हा त्यांनी श्रीकांतची जुनी कानटोपी कॅमेऱ्याला चढवली आणि समाधानाने म्हणाल्या, "आता कसा शहाण्या घरचा दिसतो." इतका जामानिमा करून पडद्यावर काय यावे? माझा अढळ तारा फोटोच्या एका कडेने आत यायचा आणि दुसऱ्या कडेने खुशाल निघून जायचा. बाकीच्या ताऱ्यांइतकाच, किंबहुना अधिक ऐटीत. मी तिपाई बदलली, जागा बदलली, दगडाला दोष दिला, कॅमेऱ्याला दोष दिला. रोज सकाळी आई विचारायच्या, "थांबला का तुझा ध्रुव, की आजही फिरायला गेला?" मी हसायचे, पण आतून हिरमुसायचे. त्यांचे वर्तमानपत्र दिवसेंदिवस नाकाच्या आणखी जवळ जात होते.

कंपनीत माझे काम दुसऱ्यांच्या चुका हुडकण्याचे. नवी प्रणाली आली की ती कुठे मोडेल ते शोधायचे, त्याचा मला पगार मिळे. एका दुपारी डबा खाताना, मेथीचा पराठा तोंडात असतानाच, मला माझी चूक दिसली. त्या परदेशी माणसाने त्याच्या घरामागून दिसणारा ध्रुव लिहिला होता. त्याचे घर पार उत्तरेला, जिथे ध्रुव वर चढलेला. आणि शाळेतल्या भूगोलाने मला फार पूर्वीच सांगून ठेवले होते की आपण विषुववृत्तापासून जितके अंश वर, तितकाच ध्रुव क्षितिजापासून वर. पुणे साडेअठरा अंशांवर. हात लांब केला तर मूठ आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. म्हणजे ध्रुव किती उंच? दोन मुठींना जरा कमी. इतका खाली, इतका घराजवळ, आणि मी त्याला तिकडे उंचावर धुंडाळत होते! परक्याच्या अंगणातला ध्रुव आपल्या आभाळात शोधणे ही आमच्या त्या काळातल्या सगळ्यांचीच खोड असावी, कारण शेजारच्या टेबलावरच्यांना सांगितले तेव्हा त्यांनीही आधी खिडकीतून वरच पाहिले.

संध्याकाळी घरी येऊन चपलाही न काढता मी परसात गेले, हात ताणला, मुठीवर मूठ ठेवली. तिथे, धुरकट आकाशात, ना पिवळा ना टपोरा, एक साधासा तारा होता. तेजाचा कसलाही तोरा नाही. आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्या पाण्यातूनच मला त्याच्या खाली उभे असलेले दुसरे काहीतरी दिसले. मागच्या प्लॉटवरची इमारत. तिचे नवे खांब वर आले होते, त्यांच्या सळया थेट ताऱ्याच्या पायाशी टेकल्या होत्या. आणखी एक स्लॅब पडला, की आमच्या परसातला ध्रुव कायमचा गेला.

आता मात्र माझी झोप उडाली. ध्रुव इतका खाली, की इमारतीवरच्या हॅलोजनचे झोत त्याच्यावरच पडावेत. त्या वर्षी भारनियमनाने पुणेकर हैराण होते, संध्याकाळी वस्तीच्या वस्ती अंधारात जाई आणि लोक सरकारच्या नावाने बोटे मोडत. मी एकटीच त्या अंधाराची वाट पाहत असे. पण आमचे दिवे गेले तरी बांधकामाचे जात नसत, त्यांचा जनरेटर धडधडत राही आणि फोटो नुसते पांढरेफटक येत.

संक्रांत आली. आईंनी तिळगुळाचा डबा भरला, नवी साडी नेसल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "चल, शेजाऱ्याकडे जायचंय." शेजारी म्हणजे ती इमारत. तिथले सुपरवायझर वानखडे अमरावतीकडचे, दाढी वाढलेली, आवाज मोठा. आईंनी तिळगूळ हातावर ठेवला आणि लगेच मुद्द्याला हात घातला, आमच्या बाजूचे दिवे एक संध्याकाळ बंद ठेवता का?

"काहून, काकू? झोप नाही का येत?"

"झोप येते. ध्रुव दिसत नाही." आणि मग आईंनी सगळे सांगितले, मांडवाचे कापड, डोळे, चिंचोका, आणि मी केलेली उंचीची चूकसुद्धा, जी सांगायची काही गरज नव्हती.

वानखडे तिळगूळ चघळत ऐकत होते. मग मोठ्याने हसले. "आमच्या लग्नात तर भटजींनं मांडवातल्या हॅलोजनकडंच बोट केलं होतं न, काकू. बायको म्हणे, दिसला!" हसणे ओसरल्यावर त्यांनी वर सळयांकडे पाहिले. "रविवारी स्लॅब आहे. तो काही थांबत नाही, सांगून ठेवतो. पण शुक्रवारी तुमची लाइट गेली की या अंगाचे दिवे बंद करून देतो मी. पोरं मागून काम करतील."

शुक्रवारी मी कंपनीतून लवकर निघाले. साहेबांना कारण विचारायची संधीच दिली नाही. चंद्र नव्हता. उत्तरेचा गार वारा दुपारभर सुटल्याने हवा धुतल्यासारखी झाली होती. ठरल्या वेळी विश्रांतवाडीचे दिवे गेले, कुठूनतरी नेहमीचा सामुदायिक सुस्कारा उठला, आणि मागोमाग इमारतीवरचे दोन्ही हॅलोजन एकेक करून विझले. क्षणभर काहीच दिसेना. मग काळोख हळूहळू निवळत गेला आणि उत्तरेकडे, सळयांच्या टोकांवर, एकेक तारा उमलत आला. आईंनी चिंचोका बसवला, मी रबर बँड ओढला. कानटोपीतल्या कॅमेऱ्याने टक्‌ करून पहिला फोटो घेतला. त्यानंतर दिवे परत येईपर्यंत आम्ही दोघी शाली लपेटून दगडावर बसून राहिलो. माझ्या बोटांत गुंतलेला आईंचा हात मला अजून आठवतो. त्या पहिल्यांदाच सासऱ्यांविषयी बोलल्या. ते जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. लग्नाच्या मांडवात त्यांनी हळूच विचारले होते, खरंच दिसला का गं? आई म्हणाल्या होत्या, हो. तेही म्हणाले होते, मलाही. "दोघंही खोटारडे," आई म्हणाल्या आणि अंधारात हसल्या.

फोटो एकत्र करायला संगणकाने रात्र घेतली. सकाळी बटण दाबले आणि पडदा उजळला. मी नाचले! मध्यमवयीन, नोकरदार, दोन पोळ्यांचा तवा गॅसवर विसरून आलेली बाई, मी खुर्चीभोवती नाचले. काळ्या सळयांच्या डोक्यावर ताऱ्यांनी रुपेरी कंस काढले होते, वर्तुळात वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ, जणू कोणी रांगोळीची चिमूट धरून अंगण गिरवले असावे, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध तो होता. कुठेही न गेलेला.

आईंना खुर्चीत बसवले. त्यांनी नाक काचेला लागेल इतके पुढे केले, मान तिरपी करून कडेच्या नजरेने पडदा चाचपला. मी बोट नेले नाही. त्यांनी आपले बोट काचेवरून फिरवत, बाहेरच्या वर्तुळावरून आतल्यावर, आणखी आतल्यावर नेले आणि बरोबर तिथे थांबवले.

"दिसला," त्या म्हणाल्या.

बराच वेळ त्यांनी बोट उचलले नाही. मग म्हणाल्या, "अगं, पण हा ठिपका नाही. शेपूट आहे याला." मी पाहिले. खरेच होते. ध्रुवानेही एक इवलासा कंस काढला होता, तांदळाच्या कणीएवढा. तोही फिरतो, फक्त फार थोडा, हे मी वाचले होते, पण डोळ्यांनी पाहिले तेव्हाच. आई खूश झाल्या. "म्हणजे हाही कूस बदलतो. आणि आम्हाला मात्र सांगायचं, याच्यासारख्या अढळ राहा!"

रविवारी स्लॅब पडला. वानखड्यांना त्या फोटोची प्रत नेऊन दिली. त्यांनी ती सिमेंटच्या हातांनी कडांना धरून पाहिली आणि बायकोला दाखवायला म्हणून शर्टाच्या आत ठेवली. पावसाळ्यापर्यंत इमारत पुरी वर गेली. आता आमच्या ध्रुवाच्या जागी कोणाचे तरी स्वयंपाकघर आहे, संध्याकाळी तिथे ट्यूब लागते आणि फोडणीचा वास परसात उतरतो.

पुढच्या वैशाखात श्रीकांतच्या भाचीचे लग्न झाले. तोवर आईंना माणसे आवाजावरूनच ओळखावी लागत होती. सप्तपदी झाली, गुरुजींनी वातानुकूलित हॉलच्या झुंबराकडे बोट केले आणि ध्रुव बघा म्हणाले. भाची वर बघून हसू दाबू लागली. आईंनी मला खालच्या आवाजात विचारले, "उत्तर कुठली गं?" मी त्यांचा खांदा धरून त्यांना वळवले. मग त्या उठल्या, सगळ्या पाहुण्यांच्या देखत हात लांब केला, मुठीवर मूठ ठेवली, वरची जराशी खाली घेतली.

"इतक्या वर नाही, गुरुजी. इथे. भिंतीच्या पलीकडे आहे."

हॉल हसला, गुरुजीही हसले. पण भाची हसायची थांबली. आजीच्या मुठीच्या रेषेत, रंगवलेल्या कोऱ्या भिंतीकडे तिने नीट, सावकाश पाहिले. मीही पाहिले.