जिजीच्या गच्चीवरचा बत्ता

शेखरचा फोन आला तेव्हा मी जुनी इंदूर भागातल्या माझ्या घरात दाढी करत होतो. शेखर माझा भाचा, जिजीचा मुलगा. "मामा, आई गेली. झोपेतच..." एवढंच म्हणाला. मी त्याला म्हटलं, "काल संध्याकाळी तर मी तिथेच होतो!" जसं काही मी येऊन गेलो म्हणून तिने जायला नको होतं. अर्धी दाढी तशीच पुसली आणि सुदामा नगरला तिच्या घरी गेलो. त्या दिवसाचं बाकी काही लिहीत नाही. पण तेराव्याच्या आदल्या दिवशी गच्चीवर मंडप टाकायला एक माणूस आला. तिथे उभं असलेलं माझं लोखंडी धूड बघून म्हणाला, "बाबूजी, ये क्या जुगाड़ है? हटा दूँ?" एक उभा पाइप, त्यावर एक आडवा पाइप, त्याच्या एका टोकाला कापडात गुंडाळलेली दुर्बीण आणि दुसऱ्या टोकाला टांगलेला स्वयंपाकघरातला लोखंडी बत्ता. मी म्हटलं, "हाथ मत लगाना." "अरे पर बाबूजी, पंगत कहाँ बैठेगी?" "नीचे बैठेगी." पंगत खाली बसली. त्या माणसाला उभ्या उभ्या सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून आज दीड महिन्याने इथे सांगतो.

जिजी म्हणजे माझी मोठी बहीण. माळव्यात थोरल्या बहिणीला जिजी म्हणतात, आमच्या मराठी घरातही तोच शब्द रुळला. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती शिकली, प्राथमिक शाळेत बाई झाली. मी चौथीत शाळा सोडली ती सोडलीच. पाटी घेऊन ती घरभर माझ्या मागे फिरायची आणि मी माळ्यावर चढून शिडी वर ओढून घ्यायचो. पुढे कापडाच्या मिलमध्ये फिटर झालो, मिल बंद पडल्यावर स्वतःचा लेथ टाकला, आणि कोणाकडे काही शिकायला जायचं नाही असा नेमच करून घेतला. जिजीकडून तर नाहीच नाही. मला जे येतं ते माझ्या हातांनी शिकलोय, हे मी तिला सत्तरीतही ऐकवत असे. ती म्हणायची, "हो बाबा, तुझे हात हुशार. डोकं अजून माळ्यावरच आहे."

भावजी गेले त्यानंतर तिचे हात कापायला लागले. डॉक्टर म्हणाले, कंपवात. आधी लिहिणं सुटलं, मग विणकाम, मग लसणाची चटणी कुटणं. चहाचा कप दोन्ही हातांत धरायची तरी बशीत अर्धा सांडायचा. मग ती दुपार उतरली की गच्चीवर बाजेवर उताणी पडून आकाश बघायला लागली. मला वाटलं, म्हातारी खचली. एक दिवस तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो तर म्हणते, "ते बघ नाना, आलं." कुठे काय? सुदामा नगरपासून विमानतळ जवळच, उतरणारी विमानं तर डोक्यावरून घरघरत जातात. "ते नाही रे. ते आपलं इंदूरचं. त्याच्याही वर बघ, खूप वर." तेव्हा दिसलं. खडूने ओढावी तशी पांढरी रेघ आणि तिच्या टोकाला सुईच्या अग्राएवढा चमकणारा ठिपका. आवाज नाही, काही नाही. "अकरा किलोमीटर उंच आहे," जिजी म्हणाली. "इथून राऊ गावापर्यंतचा रस्ता उचलून उभा कर. त्याच्या वरच्या टोकाला ते विमान. आणि आत माणसं बसून जेवताहेत." मी मिलमध्ये मोठमोठी यंत्रं उघडलेली आहेत, पण राऊचा रस्ता उभा करून बघायचं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मी मान वर करून बघतच राहिलो... मान दुखली तेव्हा कळलं की तोंडही उघडंच होतं.

मग मी रोज जायला लागलो. शेखरच्या बायकोने, मेधाने, जिजीच्या फोनवर काहीतरी बसवून दिलं होतं. कोणतं विमान कुठून निघालं, कुठे चाललं, सगळं त्यात दिसायचं. मी एकदा म्हटलं, जी इंदूरला थांबत नाहीत त्यांचं काय बघायचं? तर म्हणते, "खाली इंदूर आहे हे त्यांना माहीतच नाही. मग आपणच नको का त्यांची दखल घ्यायला?" विमान डोक्यावर आलं की ती आकडे मोजायला लागायची. मोठ्याने, शाळेत पाढे म्हणवून घेतात तशी. विमान पुढे निघून जायचं, आणि पस्तीसच्या आसपास कुठेतरी दूरच्या गडगडाटासारखा त्याचा आवाज यायचा. विमान तिकडे आणि आवाज इकडे, रिकाम्या जागेतून! रोज तेच, पण आवाज आला की ती दरवेळी माझ्याकडे अशी बघायची, जसं काही तिनेच तो मागवला आहे.

तिला एकच गोष्ट हवी होती. चार इंजिनांची मोठी विमानं आता कमी होत चालली आहेत, मोडीत निघताहेत, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. त्यातलं एखादं डोक्यावरून जाताना त्याच्या मागे आधी चार वेगवेगळ्या रेघा असतात, मग त्या एकमेकींत मिसळतात. त्या चार रेघा तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या होत्या, आणि नुसत्या डोळ्यांना त्या वेगळ्या दिसत नाहीत. "माझे हात आणि ती विमानं," ती हसून म्हणाली, "कोण आधी संपतं बघू." दुसऱ्या दिवशी तिला रिक्षात घालून कृष्णपुऱ्याजवळच्या एका दुर्बिणीच्या दुकानात घेऊन गेलो.

तिथे आमचं वाजलं. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. जिजी सगळं वाचून आली होती. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या काचेच्या रुंदीचा. ती म्हणाली, दहा पट पुरे, पुढची काच पन्नासची. त्याच्यावर गेलं की हाताचं कापणंही तेवढंच मोठं होतं. दुकानदारही म्हणाला, "भिया, दस वाली ले जाओ. बीस वाली माताजी के हाथ में नाचेगी." झालं! कितीचा पाना लागेल हे मला शिकवायचं नाही. मी म्हटलं, "वीस हे दहापेक्षा जास्त, एवढं गणित मलाही येतं. मी घेऊन देतोय ना? मग वीस." जिजीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पिशवी उघडून धरली.

सगळा कार्तिक, सगळा मार्गशीर्ष ती त्या दुर्बिणीतून बघत होती. मी विचारायचो, "दिसतंय ना?" "झकास रे!" एक दिवस मी लवकर गेलो. जिन्याच्या वरच्या पायरीवरून बघितलं तर ती दोन्ही कोपर टाकीच्या पाइपावर टेकवून, श्वास रोखून दुर्बीण धरत होती. विमान वरून गेलं. तिने दुर्बीण खाली घेतली, डोळे पुसले आणि नुसत्या डोळ्यांनी ती रेघ पुसट होईपर्यंत बघत बसली. मी तसाच खाली उतरलो. मेधा भाजी निवडत होती. ती हळूच म्हणाली, "मामा, आईंना त्यातून काहीच दिसत नाही. सगळं नाचतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

तरी माझी खोड बघा. मी घरी गेलो आणि दुर्बिणीला दोष न देता स्टँड बनवायला घेतला. हलतं ना? मग आवळून टाकतो. मिलमध्ये जे थरथरतं त्याचा नट आवळायचा, आम्हाला तेवढंच माहीत. जाड पाइप, चार बोल्ट, गच्चीच्या कठड्याला असा घट्ट बसवला की हत्ती बांधला तरी हलू नये. दुर्बीण जराही हलेना, आणि विमान मात्र चार क्षणांत त्यातून पार निघून जाई. जिजी बघत होती, मग म्हणाली, "नाना, ते विमान आहे. तुझ्या मिलचा खांब नाही." मी पाना खाली ठेवला. "ढिलं ठेव. पण जड ठेव. बोटाने ढकललं तर सरकायला पाहिजे आणि सोडलं की तिथेच थांबायला पाहिजे. तराजूसारखं. येईल तुला?"

येईल का म्हणून तिने विचारलं, तिथे मी अडकलो. मी विचारलं, "तराजूसारखं म्हणजे कसं, जरा सांग." एवढं म्हणायला मला सत्तर वर्षं लागली. तिने थरथरत्या बोटाने गच्चीच्या फरशीवर खडूने वाकडीतिकडी आकृती काढली आणि मी गुडघे टेकून शेजारी बसलो. मिलमधून जपून ठेवलेलं एक बेअरिंग माझ्याकडे होतं, ते मधोमध घातलं. आडवा पाइप त्यावर. एका टोकाला दुर्बीण, आणि दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन हवं. बाजारातून आणलेलं काही धड जमेना. मग मी खाली जाऊन म्हटलं, "जिजी, तुझा बत्ता दे." "कशाला?" "तू काय आता कुटणार आहेस?" ... तोंडातून निघून गेलं. तिने स्वतःच खलातून तो दोन्ही हातांनी उचलून मला दिला. त्याला अजून लसणाचा वास होता.

त्याच आठवड्यात मी कृष्णपुऱ्याच्या दुकानात एकटा गेलो आणि वीसची दुर्बीण काउंटरवर ठेवली. दुकानदाराने विचारलं, "क्यों भिया, हिल रही थी?" मी "हाँ" म्हणालो. दहाची घेऊन आलो, पाइपावर चढवली आणि जिजीला काही सांगितलं नाही. तिने दुर्बिणीला डोळे लावले, बत्त्याकडे बघितलं, पाइप एका बोटाने इकडून तिकडे फिरवला. म्हणाली, "आज तुझा वीसचा आकडा फार शहाण्यासारखा वागतोय." बस्स. त्यापुढे त्या विषयावर ती कधीच बोलली नाही.

पौषातली संध्याकाळ होती. सूर्य टाकीच्या आड गेल्याशिवाय दुर्बीण उघडायची नाही हा तिचा कडक नियम, तो पाळून आम्ही बसलो होतो. मेधा फोन बघत म्हणाली, "आई, चार इंजिनवालं येतंय. पश्चिमेकडून. दहा मिनिटं." मिनिटं अशीही लांबतात हे मला माहीत नव्हतं. खाली कॉलनीत दिवे लागले होते, गल्लीत अंधार उतरला होता, आणि वर, फार वर, ते अजून उन्हात होतं. आमची संध्याकाळ झाली होती आणि त्यांची झालीच नव्हती. सोन्याचा तुकडा सरकावा तसं ते आलं. जिजीने डोळे लावले. तिचा हात पाइपावर थरथरत होता, पण ते थरथरणं बत्त्याच्या वजनात कुठेतरी मुरून जात होतं. पाइप एखाद्या शहाण्या बैलासारखा संथ वळत होता. "एक," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. "दोन... तीन..." आणि मग अगदी लहान मुलीच्या आवाजात, "चार! नाना, चार आहेत रे!" मी दुर्बीण मागितली नाही. मी तिच्याकडे बघत होतो. विमान पूर्वेला गेल्यावरही ती डोळे लावून बसलेलीच. आवाज आला तेव्हा ती मोजायलाही विसरली होती. पुढे फाल्गुनात ती गेली...

परवा गच्चीवर गेलो होतो. मेधाने खलाला दुसरा बत्ता आणलाय. पाइपावरचा हा जुना इथेच राहणार, असं तिनेच सांगितलं, मला सांगावं लागलं नाही. दुर्बिणीचं कापड सोडलं. उजव्या डोळ्याच्या काचेला एक लहान रिंग असते, ती ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे एकदा बसवायची. जिजीने बसवलेल्या जागी मेधाच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. ती नजर माझी नाही. मधलं चाक फिरवून मी डाव्या डोळ्यापुरतं विमान नीट लावलं. उजव्या काचेत नुसतं धुकं. मेधा म्हणाली, "मामा, ती रिंग थोडी फिरवा, दोन्हीकडून छान दिसेल." मी म्हटलं, राहू दे. डाव्या डोळ्याला विमान स्पष्ट दिसत होतं. ते डोक्यावर आलं तेव्हा मी मोठ्याने मोजायला लागलो. उजवा डोळाही मी मिटला नाही.