दुर्गाबाईंच्या पावसाच्या वह्या

माझे आजोबा चोर होते.

आज त्यांच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे आमच्या आत्याआजीचा स्मृतिदिन. तिचं नाव दुर्गाबाई.

गेल्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर धाकट्या काकांनी आजोबांच्या गौरवाच्या कार्यक्रमाची पत्रिका टाकली. आजोबांच्या फोटोला हार, खाली "रत्नागिरीचे आद्य पर्जन्यनिरीक्षक". सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले.

मी नाही टाकला.

गोष्ट १९३०च्या आसपासची. आजोबांचं घर रत्नागिरीत मांडवीला, वकिली जोरात. गावातल्या पाच-सहा गृहस्थांना हवामानाचा नाद लागला होता. वळवाचा पाऊस कुठून येतो, कुठे किती पडतो, हे टिपून ठेवायचं आणि रविवारी सकाळी आमच्या माडीवर जमून वाचायचं.

आजोबांनी मुंबईहून तांब्याचं पर्जन्यमापक मागवलं. पंधरा दिवस मोजलं. मग कंटाळले.

आत्याआजी तेव्हा बावीस-तेवीसची. नवऱ्याने दुसरं लग्न करून हिला माहेरी पाठवून दिलं होतं. शिक्षण मराठी चौथी.

"दुर्गे, तेवढं भांडं बघत जा," आजोबा म्हणाले.

ती बघत गेली. सहा वर्षं.

रोज सकाळी आठला पाणी मोजायचं. वैशाखात दुपारनंतर घाटाच्या बाजूला ढग चढले की हातातलं काम टाकून मागच्या पडवीत उभं राहायचं. वीज दिसली की आकडे म्हणायला सुरुवात, गडगडाट आला की थांबायचं. पाच आकड्यांना एक मैल. मिरकरवाड्याहून मासे घेऊन येणाऱ्या बाईला विचारायचं, काल तुमच्याकडे किती वेळ पडला. सगळं वहीत, दर वर्षाला एक वही.

एकदा मलेरियाने आठ दिवस फणफणली होती. त्या आठ दिवसांचीही नोंद आहे. अक्षर वेडंवाकडं, पण आकडा आहे.

रविवारी आजोबा वही उघडायचे आणि वाचायचे. "मी पाहिलं." "मी मोजलं."

मग त्यांनी या नोंदींची पुस्तिका छापली. कलेक्टर साहेबाने शाबासकीचं पत्र पाठवलं. पुस्तिकेवर एकच नाव होतं.

"भाऊ, माझं नाव कुठे आहे?" तिने विचारलं.

"नवऱ्याने टाकलेल्या बाईचं नाव छापून चारचौघांत शोभा करून घेऊ?"

पुढच्या रविवारी मंडळींतल्या डॉक्टरांनी सहज विचारलं, "रोजच्या रोज जमतं कसं तुम्हाला? मदतीला कोणी आहे का?"

"आमची दुर्गी आहे ना. ती भांडं रिकामं करते."

मंडळी हसली.

हे तिने मला सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होते. आम्ही दोघी फणसाच्या आठळ्या सोलत बसलो होतो. म्हणाली, "मी चहा घेऊन जिन्यातच होते गो. प्रत्येकाचं हसणं वेगळं ऐकू आलं."

ती वर्षभर गप्प राहिली. रोज आठला मोजत राहिली.

पुढच्या मे महिन्यात आजोबा एका दाव्यासाठी चार दिवस राजापूरला गेले. शनिवारी परतले. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला पुण्याहून हवामानाचे एक मोठे जाणकार येणार होते.

शनिवारी दुपारी तिने वहीत बुधवारची नोंद केली. दुपारी चार वाजता, ईशान्येकडून वादळ. विजा एकेचाळीस. पाऊस २.७० इंच.

बुधवारी रत्नागिरीत थेंबही पडला नव्हता.

रविवारी माडी भरली. आजोबांनी नवा कोट घातला होता. नेहमीसारखी वही उघडली आणि बुधवारपाशी आल्यावर, पाहुण्यांवर छाप पाडायच्या भरात, जरा आवाज चढवून म्हणाले, "मी स्वतः गच्चीवर उभा राहून विजा मोजल्या. एकेचाळीस."



डॉक्टर म्हणाले, "वकीलसाहेब, बुधवारी माझ्या मुलीचं लग्न होतं. मांडव उघड्यावर होता. आणि तुम्ही राजापूरला होतात, म्हणून आला नाहीत."

आजोबांनी दाराकडे पाहिलं. ती चहाचं तबक घेऊन उभी होती.

"दुर्गे, हे काय लिहिलंयस?"

"मला काय कळतं भाऊ," ती म्हणाली. "मी भांडं रिकामं करते."

आणि तिने सगळ्यांना चहा दिला. पुण्याच्या पाहुण्यांना आधी.

पाहुण्यांनी चहा घेतला, पुस्तिका मिटून टेबलावर ठेवली आणि ती तिथेच सोडून गेले. मंडळ महिन्याभरात मोडलं. आजोबांनी पर्जन्यमापक तिच्यासमोर दगडावर आपटून चेपवलं. वह्याही जाळणार होते, पण तिने त्या आधीच तांदळाच्या कणगीत पुरल्या होत्या. पुढे अकरा वर्षं ते तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

मी तिला विचारलं होतं, "आत्याआजी, पश्चात्ताप झाला का गं कधी?"



"आकड्यांचा झाला," ती म्हणाली. "एका खोट्यापायी सहा वर्षांचं खरं कोणी मानलं नाही. तापात मोजलेलंसुद्धा वाया गेलं. भावाचा नाही झाला. त्याचं तोंड अजून डोळ्यांसमोर आणते मी. बरं वाटतं."

मलाही बरं वाटतंय. आत्ता, हे टाईप करताना.

तिने माझ्याकडे दिलेल्या सहाही वह्यांचे फोटो खाली टाकलेत. अक्षर कोणाचं आहे ते बघा. आजोबांचं अक्षर ज्यांना ओळखता येतं, त्या सगळ्यांना टॅग केलंय. काका, तुम्हाला सगळ्यात आधी.

पोस्टचा मसुदा मी चुलतभावाला, याच काकांच्या मुलाला, पाठवला होता. त्याचा लगेच फोन आला. "ताई, नको टाकूस. कार्यक्रम तोंडावर आलाय. बाबांना काय वाटेल?"

मी म्हटलं, "वाटू दे."

आत्याआजी, तुला माझा मनापासून नमस्कार.