‘नाक पूस’ कोणत्या पानावर असतं?

मार्च महिना, रविवार, दिवेलागणीच्या जरा आधी. हजर: मी, माझी धाकटी जाऊ आणि शेजारचे काका, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. गैरहजर: माझा दीर. मॅच होती.

आमच्या सोनपेठेत इंग्रजी पेपर एकाच ठिकाणी बघितलाय, औषधाच्या दुकानात. परभणीहून पहिल्या गाडीनं येतो. दुकानदार दिवसभर त्याची घडीही मोडत नाही. संध्याकाळी काका तो आमच्या ओट्यावर आणतात आणि आम्ही त्यातले पाच शब्द काढतो. वहीत चार रकाने मी आखलेत: शब्द, अर्थ, कोणतं पान, आपलं वाक्य. जाहिरातींवर पहिल्याच दिवशी फुली मारली. बातम्यांतलं इंग्रजी ते खरं, असं माझं मत.

हिवाळाभर हे चाललं आणि मला त्याची गोडी लागली. इंग्रजी पेपरात पुढारी टीका करत नाहीत, ‘स्लॅम’ करतात. चोर पकडला जात नाही, ‘नॅब’ होतो. पाऊससुद्धा नुसता पडत नाही, ‘लॅश’ करतो. असं का, हे मी बरेच दिवस शोधत होते. काका म्हणाले, “मथळ्यात जागा कुठं हाय? आमच्या गाडीच्या पाटीसारखं. बसंल तेवढंच लिवायचं.” परभणीचं नाव त्या पेपरात मला दिसलं ते थंडीतच, तापमानाच्या बातमीत. त्या दिवशी ‘शिव्हर’ मिळाला.

जावेला असल्या गोडीला वेळ नव्हता. ती बालवाडीची बाई. बालवाडी जूनपासून बंद होणार, हे कळलं होतं. नव्या इंग्रजी शाळेत लहान गटाला बाई हव्या होत्या आणि मंगळवारी तिला तिथं मुलांपुढं पाच मिनिटं इंग्रजीत बोलून दाखवायचं होतं. जमलं तर पुन्हा पोरांत, नाही तर घरात शिलाई मशीन. मशीनचं नाव काढलं की ती उठून आत जायची.

म्हणून त्या रविवारी तालीम ठेवली. काका पोरगं झाले, मांडी घालून पायरीवर बसले.

“बाई, ह्यानं माजी पेन्सिल घेतली!” काकांनी गळा काढला.

जाऊ उभी राहिली, पदर खोचला आणि वहीतलं आठवून इंग्रजीत म्हणाली, “आरोपी फरार आहे. पोलीस तपास करत आहेत.”

काका पायरीवरून घसरायचे बाकी राहिले. “पोरी, जामीन तरी देशील का न्हाई?”

मीही हसले. जाऊ हसली नाही. “अक्का, ह्या वहीत सगळे चोर आन् मंत्री हायेत. पोराला ‘नाक पूस’ म्हणायचं तर कोणतं पान बघू?”

मी पानं उलटली. पहिल्या पानावर नव्हतं. अग्रलेखात असणार नव्हतंच. खेळाच्या पानावर ‘कॅच’ आणि ‘रन’ होते, तेवढे घेतले. मग काकांनी पेपर उलटा करून मागचं पान पुढं धरलं. फरशी पुसायच्या औषधाची अर्ध्या पानाची जाहिरात. त्यात ‘वाइप’.

मी फुली खोडली. कपाटाखालची रद्दी काढली आणि तिघं जाहिरातींवर तुटून पडलो. सर्दीच्या औषधात ‘रनी नोज’, साबणात ‘स्टेन’ म्हणजे डाग आणि ‘स्पिल’ म्हणजे सांडणे, बुटांत ‘लेस’, दंतमंजनात ‘बाइट’ म्हणजे चावणे. लेकरांच्या अंगाखांद्यावरचं सगळं इंग्रजी विकायच्या पानांवरच निघालं. बातम्यांत लेकरं फार थोडी, आणि होती ती हरवलेली नाही तर निकालात पहिली आलेली. असं का असावं, हे मला अजून उमगलेलं नाही.

मंगळवारी ती जाऊन आली, ती थेट ओट्यावर.

“नाक पुसलं. लेस बांधली. सगळं इंग्रजीत.”

“मग?”

“मग एक बारकी रडायला लागली. आईकडं जायचं म्हणून. माझ्या तोंडून ‘उगी, उगी’च निघालं. पाठीवरून हात फिरवला. गप झाली.”

शाळेच्या मोठ्या बाई तिला म्हणाल्या होत्या, “हात चांगला आहे तुमचा. पण पालक इंग्रजीसाठी पाठवतात. शुक्रवारी परत या आणि हेच इंग्रजीत करून दाखवा.”

“‘डोन्ट क्राय’ म्हण की,” मी म्हटलं.

“ते ‘रडू नको’ झालं, अक्का. उगी म्हणजे रडू नको नव्हं.”

“मग काय?”

तिनं जरा विचार केला. “मी हाय हितं. असं कायतरी.”

काल एका बातमीत ‘कन्सोल’ मिळाला. मंत्र्यांनी कुटुंबाचं सांत्वन केलं होतं. काका म्हणाले, “म्हण मग, बाळ, मी तुजं सांत्वन करायलेय. दुप्पट रडंल.” यावर जाऊही हसली, पण शब्द घेतला नाही.

आज गुरुवार. बेबी पावडरीची, मच्छर अगरबत्तीची, दवाखान्यांची सगळी पानं बघून झाली. जाऊ आत आरशापुढं उभी राहून निरनिराळं म्हणून बघते आहे. काका औषधाच्या दुकानातून मागच्या वर्षीची रद्दी आणायला गेलेत. वहीत पहिल्या रकान्याची जागा कोरी आहे. अर्थाच्या रकान्यात मी ‘उगी’ लिहून ठेवलंय.