गाळाच्या तीन बादल्या

त्या केसचं नाव काढलं की मले आधी वास येते, नालीच्या गाळाचा. माणसं मागून आठवतात.

रायपूर राजधानी होऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्या ठाण्याच्या बोर्डावर जुन्या राज्याचं नाव खोडून नवीन लिहिलं होतं, पण पेंटरनं रंग वाचवला होता. सकाळचं ऊन पडलं की बोर्डावर दोन्ही राज्यं दिसत. फॉर्म सगळे जुनेच. आम्ही पेनानं वरचं नाव खोडू, खाली छत्तीसगढ लिहू अन् सही मारू. मी तेव्हा नुकताच हवालदाराचा एएसआय झालेलो. बाप रेल्वेत, शाळा डोंगरगढची, अंगात गुण एकच, नक्कल. शाळेत हेडमास्तरची केली तर मार मिळाला. ठाण्यात टीआय साहेबाची केली तर ही केस मिळाली.

टीआय म्हणजे ठाण्याचे मुख्य. आमचे साहेब बोलायच्या आधी दोनदा खाकरत, टोपी सरळ करत, अन् मग पुन्हा होती तशी वाकडी करत. मी ठाण्याची लिखापढी सांभाळणाऱ्या मुंशीजीसमोर तेच करून दाखवून राहिलो होतो. मुंशीजी हसता हसता एकदम गंभीर झाले. तिथंच मले समजायले पाहिजे होतं. मागून खाकरणं आलं, दोनदा.

"कलाकार," साहेब म्हणाले, "सदर बाजार की एक चोरी है. औरत तुम्हारी बोली बोलती है. जाओ, उसको हँसाओ."

मामला असा होता. सदर बाजारातल्या एका शेठचं खाली दुकान, वर कारखाना. कारखान्यात तीन कारीगर. लग्नाच्या ऑर्डरची सोन्याच्या कड्यांची जोडी तयार होत होती. आतून पोकळ, पोकळीत लाल लाख भरलेली, म्हणजे वजन कमी अन् कडं दणकट. एका दुपारी त्यातलं एक कडं गायब झालं. शेठनं तिथंच तिन्ही कारीगरांची झडती घेतली. काही निघालं नाही. तरी ते ठाण्यात आले चौथ्या दिवशी. व्यापारी माणूस आधी घरातल्या घरात शोधते, मग देवाले विचारते, मग आमच्याकडे येते.

कारीगर सोडून त्या दुपारी कारखान्यात गेली होती एकच बाई, जिना अन् कारखान्याचं दार झाडायले आलेली झारेकरीण. सोनाराच्या दुकानासमोरची धूळ झाडून न्यायची, पाण्यात धुवायची, अन् त्यातून सोन्याचे कण काढायचे, हा झारेकऱ्यांचा धंदा. ही भंडाऱ्याकडची, लग्न होऊन रायपूरले आलेली. नवरा शहराबाहेर उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये कामाले होता. भट्टीजवळ अपघात झाला, तो गेला. सासरच्यांनी तेरवी झाल्यावर हिची पेटी दाराबाहेर ठेवली. माहेरचा हा धंदा हाताले होता म्हणून जगली. दुकानादुकानात जाऊन, हात जोडून, दोन वर्षांत सदर बाजारातले सात ओटे झाडायची परवानगी मिळवलेली. परवानगीचा काही कागद नसते. बाई इमानी आहे, एवढ्या एका गोष्टीवर शेठ लोक ओटा झाडू देतात. एकानं चोर म्हटलं की सातही ओटे बंद.

त्यात आमच्या मुखबिरानं खबर दिली. हा चौकातला पानठेलेवाला. म्हणे, त्या दुपारी बाई गाठोडं छातीशी धरून घाईघाईनं जिना उतरली. मी खूश झालो. नव्या एएसआयले पहिली खबर म्हणजे ब्रह्मवाक्य. बाईले शेठच्या ओट्यावरूनच उचललं, भर बाजारात. आजूबाजूचे ओटे पाहून राहिले होते. तिनं झाडू भिंतीले टेकवून ठेवला अन् जीपमध्ये बसली.

पूछताछ सुरू झाली. महिला आरक्षक, म्हणजे बाई शिपाई, बाजूले, झारेकरीण खाली जमिनीवर. खुर्ची दिली तर नको म्हणाली. हात मांडीवर, नजर हातावर. मी समजावून विचारलं, आवाज चढवून विचारलं, टीआय साहेबाच्या आवाजात विचारलं, हेडमास्तरच्या आवाजात विचारलं. महिला आरक्षक तोंडाले पदर नाही म्हणून रजिस्टर लावून हसली. बाई ढिम्म. दोन तास गेले.

मग कंटाळून मी काय केलं, समोरची जेवणाची स्टीलची थाळी उचलली, तिच्यात ग्लासातलं पाणी अन् थोडी कुंडीतली माती टाकली, अन् तिच्यासारखा उकिडवा बसून थाळी गरगर फिरवून राहिलो. तिची नक्कल. सदर बाजारात जातायेता तिले नळाजवळ पाहिलं होतं. खरं सांगतो, हे तिले चिडवायलेच होतं. मी खांदेही तिच्यासारखे पाडले.

ती पाहत राहिली. मी थाळी फिरवली, पाणी काठावरून सांडलं. तिचा हात मांडीवरून अर्धा उठला अन् परत बसला. मी पुन्हा सांडलं.

"तसं नाही, साहेब," ती म्हणाली. "तुमी सोनं फेकून राहिले."

दोन तासांतले तिचे हे पहिले शब्द. मी थाळी तिच्यापुढं केली. तिनं ती घेतली, मनगट जरासं तिरपं केलं, अन् माती अशी सरकली जशी कोणी हाक मारली म्हणून निघाली. हात चालू झाले तशी जीभही चालू झाली. गाठोडं छातीशी धरते कारण धूळ सांडली तर दिवसाची कमाई सांडते, एवढंच. मग थाळी खाली ठेवून तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"साहेब, शेठच्या कारखान्यात दाराशी टब असते. कारीगर उठला की आधी मांडी झटकते, मग अंगाले लागलेलं सोनं बाहेर जाऊ नये म्हणून टबात हात धुते, मग बाहेर जाते. लघवीले जायचं असलं तरी. लहानपणापासून अंगात बसलेलं असते ते. कडं जर कारीगरानं नेलं असन, तर कुठंतरी कापलं असन. अन् कापून उठला असन तर हात धुतल्याशिवाय राहिला नसन."

"मग?"

"मग त्याच्या मोरीचा गाळ आणा. मी धुते. नाही निघालं तर मले जेलात टाका."

मी टीआय साहेबाकडं गेलो. साहेबांनी ऐकलं, दोनदा खाकरले, टोपी सरळ केली. वाकडी करायची विसरले. मग म्हणाले, पंचनामा करून लाओ, कीचड़ भी सबूत है.

तिन्ही कारीगर ब्राह्मणपारा मोहल्ल्यात भाड्याच्या खोल्यांत राहत होते. पोलीस दागिन्यासाठी घर उचकतील म्हणून ते तयार होते. आम्ही सरळ मोरीकडं गेलो, दगड उचलला अन् नालीचा गाळ खरवडून बादलीत भरला, तेव्हा तिघंही आमच्याकडं पाहत राहिले, जसं पागलखान्यातून कोणी सुटलं आहे. पंच म्हणून आणलेल्या दोघा शेजाऱ्यांनी सही केली, पण नाक सोडलं नाही. बादल्यांवर एक, दोन, तीन लिहिलं. कोणती कोणाची, हे फक्त पंचनाम्यात.

ठाण्यात मुंशीजी मालखान्याच्या दारात आडवे उभे राहिले. म्हणे, या खोलीत बंदुका ठेवल्या, दारू ठेवली, एकदा बकरी ठेवली, पण हे नाही. जप्ती मालाच्या रकान्यात काय लिहू? मी म्हटलं, लिहा, गाळ, ओला, तीन बादल्या. त्यांनी लिहिलं, अन् सील करायले मेणबत्ती पेटवून लाल लाख काढली.

"लाख नको, साहेब," बाई मागून म्हणाली. "कपडा बांधा, दोरी शिवा, कागदावर सह्या घ्या. पण लाख नको."

काहून, असं मी विचारलं. उद्या सांगते म्हणाली. मुंशीजी पुटपुटले की आता ठाणं कोण चालवते? पण दोरीच शिवली. बाईले त्या संध्याकाळी नोटीस देऊन घरी जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ठाण्याच्या अंगणात नळाखाली बाई आपली लाकडाची पसरट परात घेऊन बसली. भोवती टीआय साहेब, शेठ, तिन्ही कारीगर, पंच, अन् ज्यांची ड्यूटी दुसरीकडं होती असे आठ-दहा जण. काल मान खाली घालून बसलेली बाई, अन् आज पदर खोचून साहेबालेच सरका म्हणून राहिली, उजेड अडते म्हणून. साहेब सरकले.

पहिली बादली. धुतली, धुतली, शेवटी एक केसाची पिन अन् काळी रेती. दुसरी बादली. मासोळीचे खवले अन् काचेची गोटी. शेठ घड्याळ पाहायले लागले. गाळ मी आणला होता, शब्द मी टाकला होता, अन् बाईचं तर सगळंच त्या परातीत होतं.

तिसरी बादली. ती हळू झाली. एवढी हळू की नळाचा थेंब ऐकू येत होता. वरवरचा चिखल गेला, रेती गेली, मग तिनं परात थांबवली, उन्हाकडं तिरपी केली, अन् टीआय साहेबापुढं धरली. तळाशी पिवळी किनार. बारीक, करवतीच्या किसासारखी.

थोरला कारीगर पुढं आला. शेठकडं वीस वर्षं झालेला, शेठ ज्याले भैया म्हणत असा माणूस. पंचनामा उघडायच्या आधीच आला, म्हणजे बादली त्याची हे त्यानंच सांगून टाकलं. शांतपणे म्हणाला, सुनार के घर में सोने का कण नहीं निकलेगा तो क्या निकलेगा, कपड्यांवर चिकटून येते.

शेठनं मान हलवली. बरोबर होतं. मलेही बरोबर वाटलं.

बाईनं नखानं परातीतून डाळीएवढा एक तुकडा उचलला. लाल होता. उलटा केला तर त्याच्या पोटात सोन्याचा कीस रुतलेला.

"कपड्यावर धूळ चिकटते, भैया," ती म्हणाली. "लाख नाही चिकटत. अन् या महिन्यात लाखेचं काम कारखान्यात एकाच जोडीचं होतं. ठाण्यातही लाख लावू नाही दिली मी, म्हणजे ते सीलचं आहे असं तुमाले म्हणता नाही येणार."

मुंशीजी म्हणाले, वा. मुंशीजी कोणाले वा म्हणत नाहीत.

थोरला कारीगर मागं सरकला. तो नळाच्या ओट्यावर बसला, अन् बसता बसता त्यानं सवयीनं मांडी झटकली. सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर विचारायले काही उरलं नव्हतं. कडं त्यानं झडतीच्या आधी शेगडीच्या कोळशाच्या पोत्यात खुपसलं होतं, दोन दिवसांनी घरी नेलं, कापलं, लाख खरवडली, सोनं वितळवलं. पानठेल्यावर बाईची गोष्ट त्यानंच सोडली होती. दुपारी त्याच्या घरून लाल दंतमंजनाच्या डबीत, मंजनाखाली, सोन्याची गोळी निघाली. माझी पक्की खबर म्हणजे चोराचंच बोलणं होतं, हे मी ठाण्याच्या रोजनामच्यात लिहिलं नाही. इथं लिहून राहिलो.

शेठचा चेहरा उतरला होता. त्यांनी खिशात हात घातला अन् बाईले इनाम देऊ केलं. बाईनं हात मागं घेतला.

"इनाम नको, शेठ. ज्या ओट्यावरून मले नेलं, त्याच ओट्यावर उद्या सकाळी तुमी सोता माझा झाडू माझ्या हातात द्या. बाजार उघडल्यावर. कोणी नसताना नको."

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटी नसताना गेलो. शेठ पांढऱ्या कपड्यात ओट्यावर उभे, हातात खराटा, स्कूटरी थांबलेल्या, समोरच्या दुकानातले लोक बाहेर आलेले. भिंतीले टेकवलेला तिचाच झाडू होता तो, दोन दिवस कोणी हलवला नव्हता. शेठनं दोन्ही हातांनी दिला. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की आजपासून कारखान्यातल्या टबाचा गाळही हीच नेईल. तो गाळ म्हणजे खरा माल, तो आजवर बाहेरचा ठेकेदार नेत असे. बाईनं मान हलवली, ओटा झाडायले लागली, अन् मले म्हणाली, साहेब, पाय उचला.

पुढं सदर बाजारातल्या बहुतेक टबांचा गाळ तिच्याकडं गेला. तिनं मागच्या गल्लीत खोली घेतली, भट्टी लावली, चार बाया कामाले ठेवल्या. त्यातल्या दोघींच्या पेट्याही कधीतरी कोणी दाराबाहेर ठेवल्या होत्या.

या केसनंतर मी आयुष्यभर पूछताछीत एक युक्ती वापरली. समोरच्याचं काम त्याच्यासमोर मुद्दाम चुकीचं करून दाखवायचं. प्रश्नाचं उत्तर माणूस देत नाही, पण आपलं काम कोणी बिघडवलं तर गप्प बसत नाही. अन् दुसरं. वाईट दिवसांतून माणसाले बाहेर काढणारं काहीतरी बाहेरून येते, कोणी मोठा माणूस, एखादी चिठ्ठी, नशीब, असं मी तेव्हा समजत होतो. तिच्याकडं ते तिच्या हातातच होतं. आम्ही मात्र तेच हात दोन तास मांडीवर ठेवायले लावले अन् वरून विचारत होतो, सांग, तुझ्यापाशी काय आहे?

रिटायर झालो त्या आठवड्यात तिच्या खोलीवर गेलो. चहा झाला. मी म्हटलं, बाई, आता नोकरी संपली, मलेही हे शिकवा. तिनं परात हातात दिली. मी उकिडवा बसलो, गुडघे कुरकुरले, मनगट तिच्यासारखं तिरपं केलं अन् फिरवलं. इतक्या वर्षांची नक्कल, या वेळी खरी करायची होती.

चारही बाया काम थांबवून पाहून राहिल्या होत्या. तिनं थोडा वेळ पाहिलं, मग परात माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू द्या, साहेब," ती म्हणाली. "अजून फेकूनच राहिले तुमी."