किनुएच्या खिशातला पेला

माणसावर चटकन भरवसा ठेवणं मला जमत नाही. नवऱ्याने आणलेला मासाही मी आधी हुंगून बघते. त्यामुळे खापरं धुताना किनुए सारखी खिसा चाचपायला लागली, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

ओकायामाजवळच्या आमच्या भातखाचरांखाली जुनं गाव सापडलं होतं. खणून काढलेली खापरं धुवायला आम्ही गावातल्या बायका होतो. झऱ्यापाशी बोटाच्या पेराएवढी भांडी निघायची. ती कशासाठी, यावर आमचे साहेब मोरिवाकी-सान यांचं ठरलेलं उत्तर, पाण्याच्या देवासाठी.

"खेळणी नसतील कशावरून?" किनुए दर वेळी विचारायची. ते नुसते हसायचे.

तिचा नवरा वारलेला, मुलगा ओसाकाला. मुलगी चिसातो लहानपणीच तापाने गेली. जेवायच्या सुट्टीत भाताचा गोळा हातात तसाच धरून किनुए त्या भांड्यांच्या खोक्याकडे बघत बसायची. ही एक दिवस त्यावर हात मारणार, असं मी धरूनच चालले होते.

एका दुपारी तिचा हात खिशातून निघून माझ्या धुतलेल्या खापरांच्या ताटाकडे गेला आणि मी मनगट पकडलं.

"काय घेतलंस गं?"

"घेत नाहीये. ठेवतेय."

तिच्या मुठीत एक वाकडा, चिमुकला पेला होता.

"चिसातोने केलेला. माती याच झऱ्याची. न्हाणीच्या चुलीत मीच भाजून दिला होता." तिचा आवाज अगदी साधा होता. "मी मेले की मुलगा घर रिकामं करणार. हा कोण ठेवणार? इथे कापसात ठेवतात."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. मी मनगट सोडलं. पेला ताटात पडला, तेवढ्यात मोरिवाकी-सान आलेच.

"हा कुणाच्या ताटातला?"

"माझ्या," मी ठोकून दिलं.

त्यांनी पेला नखाने खरवडला, आतले बारीक बोटांचे ठसे पाहिले. मग बराच वेळ किनुएकडे पाहिलं.

"हा देवाचा नाही. कुण्या मुलीने खेळायला केलेला दिसतो."

"हो," किनुए म्हणाली.

मोरिवाकी-साननी तो स्वतःच खोक्यात ठेवला. माझा संशय मात्र अजून गेलेला नाही. मुलगीच, हे त्यांना कसं कळलं? आणि त्या एका पेल्याखाली त्यांनी कापूस दुप्पट का घातला?