रिजेक्टमधली काळी काठी

मुरबाडला कामाला निघाले त्या सकाळी, आये, तू फाट्यापर्यंत आली नाहीस. "गाडी सुटताना बघवत नाय मला," म्हणालीस आणि भांडी घासायला बसलीस. शेणव्याच्या फाट्यावर मला सोडायला बाबा आले. माझी पिशवी त्यांनी मरळ मासा धरायच्या काठीला अडकवून खांद्यावर घेतली होती, कारण मला बसवून ते तसेच डोहावर जाणार होते. एसटी आली. पिशवी आत देऊन ते खिडकीपाशी उभे राहिले. "मावशीकडं ऱ्हाशील तिथं तोंड उघडून बोलत जा. मुकी समजतील," एवढंच म्हणाले. गाडी किन्हवलीच्या दिशेला वळली तेव्हा गर्दीत बाबा दिसत नव्हते, काठीचं टोक मात्र दिसत होतं.

हे तुला लिहिते आहे, कारण तुला वाचता येत नाही. पोरीच्या जुन्या वहीत कोरी पानं उरली आहेत आणि आसनगावच्या या खोलीत दुपारी कोणी नसतं. माझी चौथीच झाली. चुका असतील.

मुरबाडच्या कारखान्यात मासे धरायच्या काठ्या बनत. सगळ्या परदेशी जायच्या. आम्ही बायका त्यांना दोऱ्याने कड्या बांधायचो, वर रंग चढवायचो, मूठ बसवायचो. मला काम आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं. वर्षभराने सुपरवायझर बाईंनी मला काठी तपासायला बसवलं. बूड पक्कं अडकवायचं, टोकाला वजन टांगायचं आणि किती वाकते ते बघायचं. एकदा जाड काठ्यांची मोठी ऑर्डर आली. सोबत नमुन्याला लाकडाचे रंगवलेले खोटे मासे आले होते. वीतभर लांब, पोटाला तीन-तीन गळ, एकेकाचं वजन पाव किलो. बाई म्हणाल्या, तिकडे मस्की नावाचा मासा आहे, कमरेएवढा, दातांचा. त्याला एवढंच मोठं आमिष लागतं आणि ते लांब फेकायला तशीच दणकट काठी लागते.

सुट्टीला घरी आल्यावर मी हे सांगितलं. ते मासा पकडतात आणि परत पाण्यात सोडतात, हेही सांगितलं. बाबांना खरं वाटेना. "सोडतात? मंग त्यांची बायको काय रांधते गो?" तू चुलीपासून म्हणालीस, "तुमची काय रांधते? आठवड्यातनं सहा दिस तुमी पण सोडूनच येता." बाबा कितीतरी वेळ हसत होते.

पण काठीचं त्यांना कळत होतं. तेही मरळीला जिवंत बेडूक लावायचे, वर शिशाचा तुकडा. एवढं ओझं साध्या काठीला पेलत नाही. अंधाऱ्या पंधरवड्यात ते तीन वर्षांचा भरीव बांबू तोडून आणत, म्हणजे किडा लागत नाही. कोयत्याच्या पाठीनं ठोकून आवाज ऐकत. मग टोक पायाखाली दाबून बूड ओढत आणि सोडून देत. सुटल्यावर सरळ व्हायला जी वेळ लावील ती चुलीत. मी कारखान्यात तसंच बघायचे. यंत्रावर पास झालेली काठीही कधी मी बाजूला काढायचे आणि बाईंना ते पटायचं. मला कोणी शिकवलं हे मी कधी सांगितलं नाही.

लग्न ठरल्यावर काम सोडलं. बाईंनी विचारलं, काय हवं तुला? मी खाली बघून म्हटलं, रिजेक्टमधली एक काठी. "साडी माग गं. काठी काय मागतेस?" त्या हसल्या, पण हो म्हणाल्या. बाबांचा खांदा तेव्हा दुखायला लागला होता, बांबू उचलताना तोंड वाकडं करायचे.

रिजेक्टच्या ढिगात त्या जड आमिषाच्या दोनच काठ्या होत्या. एक पांढरी, काचेच्या धाग्याची. एक काळी, कार्बनची. दोन्हींचा फक्त रंग बिघडला होता. दोन्ही पेलणार होत्या. मी दोन्ही वाकवून सोडल्या. पांढरी हाताला जड लागली आणि सरळ व्हायला जरा रेंगाळली. काळी हलकी होती, सोडताच ताठ झाली. मी पाऊण तास तिथे बसले होते. बाबांच्या पद्धतीनं बघितलं आणि काळी उचलली.

बाबांनी ती उन्हात धरून फिरवली. "कशाची गो ही? लाकूड नाय, लोखंड नाय."

मी म्हटलं, "बांबूच समज, बाबा. फक्त हलका."

आये, हे मी म्हटलं. तू तिथेच होतीस, पण तुझ्या ते लक्षात नाही.

त्या काठीनं त्यांनी हाताएवढ्या मरळी काढल्या. गावभर दाखवत फिरले. तू म्हणायचीस, पोरगी सासरी गेली, काठी घरी नांदते आहे.

मग ती सकाळ आली. पेंढ्याची गाडी डोहाच्या वाटेनं येत होती. पंपाची विजेची तार तिथं खाली लोंबते. सुक्या बांबूनं ती वर उचलायची आणि गाडी खालून काढायची, हे आपल्याकडे सगळेच करतात. बाबांनी किती वेळा केलं असेल. त्या दिवशी बाबा डोहावरून येत होते, हातात बांबू नव्हता. काठी मधोमध धरून त्यांनी टोक तारेला लावलं.

मी आसनगावहून त्यांच्या मातीला पोचले तेव्हा सगळे एकच बोलत होते. काठी ओली होती. डोहातनं आणली, पुसली नाय. तूही तेच म्हणत होतीस. मलाही तेच खरं वाटलं.

महिना गेला आणि मला माझी पत्र्याची पेटी दिसली. कारखान्यात काळ्या काठ्यांवर आम्ही पिवळी इंग्रजी चिठ्ठी चिकटवायचो. पांढऱ्यांवर कधीच नाही. हजारो चिकटवल्या असतील. रिजेक्टवर चिठ्ठी लावत नसत. एक चिठ्ठी मी रंग आवडला म्हणून पेटीवर लावली होती. यांना म्हटलं, वाचा. यांनी हळूहळू वाचलं. विजेच्या तारेजवळ नेऊ नका, हिच्यातून करंट जातो, माणूस मरतो. मग "कोणाला सांगू नको," म्हणाले. म्हणजे काठी सुकी असती तरी तेच झालं असतं. मी पांढरी आणली असती तर झालं नसतं.

तू काठी पुसून आढ्याला बांधलीस. टोक जळलं होतं, काळ्यावर काळं दिसत नव्हतं. मी येईन तेव्हा वर बोट दाखवून म्हणायचीस, "तुझी काठी बघ, किती हौस होती त्यांना." मी जेवायचे नाही. तुला वाटायचं, सासरी सुखात नाही.

मग गणूनं ती खाली काढली. आपला गणू, माझ्या पाठचा भाऊ, दोन पोरांचा बाप, डोहावर काळी काठी घेऊन जायला लागला. तार तिथंच लोंबत होती. मी एवढंच म्हटलं, "तारेखालून नेऊ नको रे."

"बाबांची ओली होती. मी सुकवून नेतो ना," तो म्हणाला.

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. तू बाजूला तांदूळ निवडत होतीस. तुझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी तू पाण्याला गेलीस, गणू शहापूरला. काठी दोन तुकड्यांत निघते. मी ती गोधडीत गुंडाळली आणि निघून आले. इथे यांनी करवतीनं तिचे तुकडे केले. गुडघ्यावर मोडत नव्हती. काळा भुगा हाताला टोचत राहिला, कितीतरी दिवस.

गणू आठ दिवसांनी आला. उंबऱ्यातच उभा राहिला. "आय म्हणते, बापाची एक वस्तू होती, ती पण नेलीस. आता आढं काढून ने."

"मला लागत होती," मी म्हटलं.

"कुठं मासे धरतेस तू? आसनगावच्या गटारात?" पाणी न घेता गेला.

त्यानंतर तू सगळ्यांना सांगितलंस. सापगावची आत्या भेटली, तिनेही पदर सावरत तोंड फिरवलं. पण तिच्याकडूनच कळलं की गणू आता बांबूच नेतो. ते ऐकून मी रस्त्यात रडले. आत्याला वाटलं, लाज वाटली असेल.

इथं मला घर आहे. नळ आहे, पंखा आहे, पोरगी शाळेत पहिली येते. तरी कोणी विचारलं, घर कुठं, तर तोंडून शेणव्याचंच नाव निघतं. तिथं मी चोर आहे. खरं सांगितलं तर चोर राहणार नाही, पण मग बाबांची ती हौस, त्या मरळी, उन्हात फिरवलेली काठी, तुझ्याकडे काहीच उरणार नाही. ते तुझ्याकडे राहू दे. राग माझ्यावर राहू दे.

गेल्या खेपेला तू माझ्यासाठी ताट घेतलं नाहीस. मी ओट्यावर बसून राहिले. तू आत भाकरी थापत होतीस, त्याचा आवाज येत होता. तेवढा ऐकला आणि दुपारच्या गाडीनं परत आले. पुढच्या महिन्यातही येणार आहे. तू बोलू नकोस.