नऊच्या खालचे दहा

ऑफिसात सगळे त्यांना मिलिमीटरकाका म्हणत. जुन्या इमारतींच्या भिंतींतल्या भेगा मोजायच्या आणि त्यांची रुंदी डेटाबेसमध्ये भरायची, हे त्यांचे काम. ज्या घराची भेग मोठी ते यादीत वर. गवंडीही तिथे आधी.

गेल्या महिन्यात थोरल्या बहिणीच्या खोलीतली भेग ९.८ भरली आणि तिचे घर पहिल्या पानावर आले. गवंडी यायच्या आत भेग १०.४ झाली. काकांनी इमानेइतबारे आकडा भरला. नवी यादी निघाली, तर ताईचे घर पार तळाशी.

ते तडक डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंकडे गेले.

"काका, हा रकाना आकड्यांचा नाही, अक्षरांचा आहे," बाई म्हणाल्या. "मशीन शब्दकोशासारखं लावतं. आधी पहिलं चिन्ह बघतं. नऊ मोठा, आणि दहातला एक छोटा."

"मग आकड्यांचा करा की!"

"केला नसता का? पूर्वीच्या लोकांनी त्यात 'केसाएवढी', 'बोट जाते' असलं लिहून ठेवलंय. बदलायला गेलं की मशीन अडतं. ते पुसायचा अधिकार वरच्या ऑफिसचा. कितीदा कळवलं! भिंतीशी बोलावं तसं."

"भिंत निदान तडकते तरी," काका म्हणाले.

ताईने सगळे ऐकून घेतले. तिच्या चादरीवर गिलाव्याची भुकटी पडली होती.

"म्हणजे दुखणं वाढलं म्हणून नंबर मागे? अरे, माझ्या सासूबाईसुद्धा असा न्याय करत नव्हत्या! नऊ पूर्णांक नऊ लिही. कुणाच्या बापाला कळतंय?"

"आजवर खोटं माप लिहिलं नाही मी, ताई."

"मग तुझं खरं माप माझ्या उशाशी ठेव."

दुसऱ्या दिवशी काकांनी ९.९ भरले.

पुढची यादी आली. पहिले पान वरपासून खालपर्यंत ९.९. दुसरेही. तिसरेही. त्यांनी मान वर केली, तर बाकीचे मोजणीवाले आपापल्या टेबलाकडे बघत बसलेले. तेही कुणाचे तरी भाऊच होते.

"यातली खरी कुठली हो?" बाईंनी विचारले.

तेवढ्यात ताईचा फोन आला. "आला का रे नंबर?"

"आला," काका म्हणाले. "सगळ्यांचाच आला. तू पलंग दाराशी ओढून घे."